कळंबा

महाराष्ट्र राज्याच्या कोल्हापूर जिल्ह्यातील करवीर तालुक्यात, कोल्हापूर शहराच्या दक्षिणेस गारगोटी रस्त्यावर वसलेले एक जुने शेतकरी गाव व आधुनिक निवासी उपनगर. महसुली दप्तरात त्याची नोंद ‘कळंबे तर्फ ठाणे’ अशी आहे. तर्फ हा परगण्याचा जुना पोटविभाग होय. याच तालुक्यात ‘कळंबे तर्फ कळे’ हे दुसरे गाव असल्याने दोहोंतील भेद या जोडनावाने राखला गेला आहे. येथील तलाव व मध्यवर्ती कारागृह यांमुळे हे नाव जिल्ह्याबाहेरही परिचित झाले.

शहराशी कळंब्याचा संबंध प्रथम पाण्यामुळे जडला. कोल्हापूरच्या दक्षिणेकडील कात्यायनीच्या डोंगराळ भागातील झऱ्यांचे पाणी पूर्वीपासून नळीवाटे शहरात नेले जात असे. १८५४ मध्ये कोल्हापूर नगरपालिका स्थापन झाली. वाढत्या वस्तीला हा पुरवठा अपुरा पडू लागल्यावर, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कात्यायनीकडून येणारे पावसाचे पाणी बांध घालून अडविण्यात आले आणि कळंबा तलाव निर्माण झाला. तलाव शहरापेक्षा उंचावर असल्याने त्याचे पाणी नैसर्गिक उताराने शहरात पोहोचे. मंगळवार पेठेतील साठवण-टाकी ‘पाण्याचा खजिना’ या नावाने ओळखली जाते. अशा रीतीने शहराची लोकवस्ती गावापर्यंत पोहोचण्याच्या कितीतरी आधी गावाच्या शिवारातील पाणी शहराचे झाले होते. पुढे नदीवरील उपसा योजनांमुळे कळंब्याचे महत्त्व शहराच्या दृष्टीने कमी झाले व २०२३ मध्ये काळम्मावाडी धरणातून थेट नळाने पाणी येऊ लागले. तथापि तलाव महानगरपालिकेच्याच ताब्यात राहिला.

कोल्हापूर संस्थान १ मार्च १९४९ रोजी मुंबई राज्यात विलीन झाले व कोल्हापूर हे जिल्ह्याचे मुख्य ठिकाण बनले. शासकीय कार्यालये, १९६२ मध्ये स्थापन झालेले शिवाजी विद्यापीठ, तसेच शिरोली व गोकुळ शिरगाव येथील औद्योगिक वसाहती यांमुळे नोकरदार व कामगार वर्ग वाढत गेला. मध्यवर्ती कारागृह व औद्योगिक प्रशिक्षण संस्था यांमुळे कळंबा रस्त्यावरील वर्दळ वाढली. भूरचनाही या विस्तारास अनुकूल ठरली. पंचगंगा नदी शहराच्या पश्चिम व उत्तर बाजूंनी वाहते, त्यामुळे त्या दिशांना पूररेषेचे बंधन पडते. दक्षिणेकडील जमीन त्या मानाने उंच आहे. २००५, २०१९ व २०२१ च्या महापुरांनी हा फरक ठळकपणे दाखवून दिला. परिणामी शेतजमिनी बिगरशेती होऊन त्यांवर भूखंड पडले. एकरांच्या हिशेबाने होणारे जमिनीचे व्यवहार गुंठ्यांच्या हिशेबाने होऊ लागले आणि बंगले, सदनिका व सहकारी गृहनिर्माण संस्था यांनी जुन्या गावठाणास वेढले.

जनगणनेत अशा वस्तीस ‘जनगणना शहर’ म्हणतात. किमान ५,००० लोकसंख्या, दर चौ. किमी. स किमान ४०० लोकांची घनता व मुख्य काम करणाऱ्या पुरुषांपैकी किमान ७५ टक्के शेतीखेरीज अन्य व्यवसायांत असणे, हे त्याचे निकष होत. कळंबे तर्फ ठाणे या निकषांवर शहर गणले गेले. त्याचा कारभार मात्र ग्रामपंचायतीकडेच राहिला. १९७२ मध्ये कोल्हापूर महानगरपालिका अस्तित्वात आली. तिचे क्षेत्र ६६·८२ चौ. किमी. होते व पुढील पन्नास वर्षांत त्यात भर पडली नाही. हद्दवाढीचे प्रस्ताव वारंवार पुढे आले. सांडपाणी, कचरा व रस्ते यांची व्यवस्था ग्रामपंचायतींच्या आवाक्याबाहेर गेल्याचे शहराचे म्हणणे होते. उलट वाढीव कर, शेतजमिनींवरील आरक्षणे व स्थानिक स्वराज्याचा लोप यांची भीती गावांनी व्यक्त केली. या वादातून मध्यममार्ग म्हणून २०१७ मध्ये करवीर व हातकणंगले तालुक्यांतील ४२ गावांसाठी कोल्हापूर नागरी क्षेत्र विकास प्राधिकरण स्थापण्यात आले.

गावांचे उपनगरांत रूपांतर होणे ही जगभर आढळणारी घटना आहे. पॅरिसभोवतीची बेलव्हील, पासी, ओतय इ. गावे १८६० मध्ये त्या शहरात समाविष्ट झाली. पुणे महानगरपालिकेत २०१७ व २०२१ मध्ये ३४ गावांचा समावेश झाला. तेथे लोकवस्तीमागोमाग हद्दही सरकली. कळंब्यात लोकवस्ती पुढे गेली, हद्द मागे राहिली. याचा परिणाम तलावावर सर्वांत स्पष्टपणे दिसतो. तलावाचा ताबा महानगरपालिकेकडे, तर त्याच्या परिसरातील गावांचा कारभार ग्रामपंचायतींकडे, अशी जबाबदारीची वाटणी झाली आहे. पाणलोटात घरे वाढली की ओढ्यांचे मार्ग आकुंचन पावतात व सांडपाणी तलावाकडे वळते. त्यामुळे ज्या पाण्याने हे गाव प्रथम शहराशी जोडले, त्याचे रक्षण हाच गाव व शहर यांच्या सामायिक कारभाराचा खरा कस ठरला आहे.