विंदालूची कुळकथा

‘विंदालू’ हें नांव ऐकून पुष्कळांना त्यांत आलू, म्हणजे बटाटा, असावा असें वाटतें. परंतु मूळ शब्द पोर्तुगीज आहे. ‘विन्य द आल्यूश’ म्हणजे द्राक्षासव व लसूण यांत मांस मुरविण्याची रीत. सन १५१० मध्यें पोर्तुगीजांनीं गोवें जिंकलें, आणि कालांतरानें ही रीत तेथील स्वयंपाकघरांत शिरली. द्राक्षासवाची जागा माडाच्या सुरेपासून केलेल्या शिरक्यानें घेतली. अमेरिकेंतून पोर्तुगीजांनींच आणलेली मिरची त्यांत मागाहून आली. आजहि गोमंतकीय ख्रिस्ती गृहिणी तांबड्या मिरच्या, लसूण, जिरें व मिरीं शिरक्यांत वाटते, त्यांत डुकराचें मांस वा कोंबडी मुरविते आणि मंद विस्तवावर शिजविते. नांव अद्यापि लसणीचें आहे. मिरचीचा त्यांत उल्लेखहि नाहीं. तथापि मिरचीवांचून केलेल्या कालवणास आतां कोणी विंदालू म्हणणार नाहीं. मागाहून आलेली पाहुणी अशी घरधनीण झाली!