गोषवारा कापणारे आणि स्वल्पविरामही न बदलणारे बाबासाहेब

विद्यापीठात एखाद्या परिषदेचे पत्रक लागले की आमच्या संशोधक मुलामुलींचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: आपला गोषवारा ते घेतील का? काही जण या धास्तीने पाठवतच नाहीत. काही जण पाठवतात, पण 'जात' खोडून तिथे 'सामाजिक विषमता' लिहितात. म्हणजे निवड समितीने कात्री हातात घेण्याआधीच आपण आपले कापून मोकळे होतो. हे दोन्ही मार्ग आमच्या परंपरेचे नाहीत. आमची परंपरा काय आहे, ते इतिहासात पाहू.

१८८५ साली पुण्यात भरणाऱ्या मराठी ग्रंथकार सभेचे निमंत्रण न्यायमूर्ती रानडे यांनी महात्मा जोतीराव फुले यांना पाठवले. जोतीराव गेले नाहीत. पण न जाणे म्हणजे गप्प बसणे नव्हे! त्यांनी पत्र लिहून कारण सांगितले. जे लोक माणसांना माणसाचे हक्क देत नाहीत, त्यांच्या सभांशी आणि पुस्तकांशी आमचा मेळ बसत नाही, हा त्या पत्राचा आशय. ते पत्र 'ज्ञानोदय'मध्ये छापून आले. त्या सभेत कोण काय बोलले हे आज कुणाला आठवते? जोतीरावांचे पत्र मात्र आजही वाचले जाते.

म्हणजे विद्वानांच्या सभेत आपण जायचेच नाही का? तसे नाही. ९ मे १९१६ रोजी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात डॉ. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात २५ वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनी भारतातील जातींवर निबंध वाचला. पुढच्याच वर्षी तो 'इंडियन अँटिक्वेरी'त प्रसिद्ध झाला. आमच्या विद्यार्थ्यांनी या निबंधाची मांडणी मुद्दाम पाहावी. बाबासाहेब आधी सेनार, नेसफिल्ड, रिस्ले आणि केतकर या चौघांच्या जातीच्या व्याख्या समोर ठेवतात. प्रत्येकाचे कुठे चुकते ते दाखवतात. केतकरांची व्याख्या त्यातल्या त्यात जवळची आहे हे मोकळेपणाने मान्य करतात, पण त्यांनी जी दोन लक्षणे वेगळी मानली ती एकाच गोष्टीच्या दोन बाजू आहेत, हेही सांगतात. मग स्वतःचा सिद्धांत येतो: जातीतल्या जातीत लग्न हाच जातीचा प्राण आहे. सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह या प्रथा हेच बंधन टिकवण्यासाठी उभ्या राहिल्या.

आधीचे लोक काय म्हणाले, ते कुठे कमी पडले, आम्ही काय म्हणतो आणि कशाच्या आधारावर म्हणतो. चांगल्या गोषव्यात याहून वेगळे काय असते? ज्यांना हे जमते, त्यांनी आपल्या विषयाचे नाव बदलायची गरज नाही.

आता १९३६ कडे येऊ. लाहोरच्या जात-पात तोडक मंडळाने आपल्या वार्षिक परिषदेचे अध्यक्षपद बाबासाहेबांना दिले. ज्या धार्मिक कल्पनांवर जात उभी आहे त्या नष्ट केल्याशिवाय जात मोडणार नाही, हा बाबासाहेबांचा विचार आपल्याला सविस्तर ऐकायचा आहे, असे संतरामांनी १२ डिसेंबर १९३५ च्या पत्रात लिहिले होते. भाषण तयार झाले आणि मंडळाने ते आधी वाचले. मग १४ एप्रिल १९३६ ला हरभगवान यांचे पत्र आले. 'वेद' हा शब्द टाळा, शेवटचा भाग गाळा, हिंदू धर्म सोडण्याचा उल्लेख नको. ज्या विचारासाठी बोलावले, तोच विचार नको झाला!

बाबासाहेबांनी २७ एप्रिलला उत्तर दिले की एक स्वल्पविरामही बदलणार नाही. परिषद रद्द झाली. बाबासाहेबांनी ते भाषण स्वतःच्या खर्चाने छापले, १५०० प्रती. किंमत आठ आणे. गांधीजींनी 'हरिजन'मध्ये या किमतीवरही नापसंती दाखवली. तरी सगळ्या प्रती दोन महिन्यांत संपल्या. तेच 'जातिप्रथेचे विध्वंसन'. न झालेल्या परिषदेचे न झालेले भाषण आज जगभर शिकवले जाते.

कुणी म्हणेल, परिषदा गुणवत्तेवर निवड करतात, नावे झाकून गोषवारे तपासतात. ठीक आहे. पण नाव झाकले तरी विषय झाकला जात नाही. लाहोरकरांचा आक्षेप भाषणाच्या दर्जावर नव्हता, निष्कर्षावर होता. हा फरक आपण नीट ओळखला पाहिजे. पुरावा कमी पडला, मांडणी विस्कळीत झाली असे कुणी दाखवून दिले, तर निबंध पुन्हा लिहावा. त्यात अपमान नाही. पण पुरावा मान्य आणि निष्कर्ष तेवढा काढा, असे कुणी म्हटले तर ती सूचना नव्हे, ती कात्री आहे.

आयोजकांनाही आमचे सांगणे आहे. निवडीचे निकष जाहीर करा. नकार देताना कारण लिहून द्या. मराठीतला गोषवारा कमी प्रतीचा मानू नका. शिष्यवृत्ती अडकलेल्या विद्यार्थ्याला नोंदणी शुल्कासाठी दारात उभे करू नका.

आणि आमच्या मुलामुलींनो, गोषवारा पाठवा. १९१६ सारखा तयारीने लिहा. 'जात' हा शब्द जिथे हवा तिथे ठेवा. त्यांनी घेतला तर जाऊन ठामपणे वाचा. नाकारला तर तो कपाटात टाकू नका, पूर्ण निबंध लिहून आपल्या लोकांपुढे छापा. बाबासाहेबांनी ते आठ आण्यांत केले होते.

जय भीम!