पत्ता तोच, गाव वेगळे

भारतात १५ ऑगस्ट १९७२ रोजी पिनकोड सुरू झाला. त्याचे श्रेय ज्यांना दिले जाते ते श्रीराम भिकाजी वेलणकर संस्कृतचे व्यासंगी कवी आणि केंद्र शासनातील अधिकारी होते. एकाच नावाची गावे देशात अनेक. औरंगाबाद बिहारमध्ये होते, तसे तेव्हा महाराष्ट्रातही होते. तरीही भलत्या गावी गेलेले पत्र परत पाठविणारे टपाल खाते तेथे होते. आभासी चलनाच्या व्यवहारात पत्त्याचा हाच घोळ पुन्हा अवतरला, परंतु तेथे असे खाते नाही.

२००९ मध्ये बिटकॉइन सुरू झाले तेव्हा एक चलन आणि एक नोंदवही असा सरळ मामला होता. जुलै २०१५ मध्ये इथेरियम आले. जून २०१६ मध्ये त्यावरील 'द डाओ' या सामाईक निधीतून सुमारे ३६ लाख इथर पळविले गेले. ती रक्कम मूळ मालकांना मिळावी म्हणून नोंदवहीतच फेरफार करावा काय, असा वाद पेटला. झालेली नोंद फिरवावी की नाही, हा प्रश्न कोणत्याही महसूल अधिकाऱ्यास अपरिचित नाही! २० जुलै २०१६ रोजी बहुसंख्यांनी फेरफार स्वीकारला. ज्यांना तो अमान्य होता त्यांनी जुनी वही 'इथेरियम क्लासिक' या नावाने चालू ठेवली. फुटीपूर्वीचा इतिहास सामाईक असल्याने तोच पत्ता आणि तीच खासगी किल्ली दोन्हीकडे चालू लागली. इतकेच नव्हे, तर एका वहीसाठी सही केलेला व्यवहार दुसऱ्या वहीतही वठविता येत असे. म्हणून नोव्हेंबर २०१६ मध्ये सहीत साखळी-क्रमांक घालण्याची सोय झाली: इथेरियमचा १, क्लासिकचा ६१.

हा क्रमांक म्हणजे एक प्रकारचा पिनकोडच. मात्र तो सहीत असतो. आपण नकलून घेतो त्या पत्त्यात नसतो. पुढे बीएनबी साखळी (५६) आणि भारतीय अभियंत्यांनी २०१७ मध्ये 'मॅटिक' नावाने आरंभिलेले पॉलिगॉन (१३७) यांनीही पत्त्याचा तोच साचा घेतला. टेथरसारखे नाणे यांपैकी अनेक साखळ्यांवर फिरते. ट्रॉनचा पत्ता निराळा दिसतो, त्यामुळे तेथील चूक सहसा आधीच अडते. एकाच साच्याच्या साखळ्यांत मात्र यंत्र हरकत घेत नाही.

रक्कम मग त्याच पत्त्यावर, पण दुसऱ्या वहीत जमा होते. किल्ली स्वतःच्या हाती असेल तर वॉलेटमध्ये ते नेटवर्क जोडताच ती बहुधा दिसते. हलविण्यास मात्र त्या साखळीचे मूळ नाणे शुल्कापुरते लागते. पत्ता एखाद्या विनिमय कंपनीचा असेल तर किल्ली कंपनीकडे असते, आणि ते नेटवर्क तिच्या यादीत नसेल तर रक्कम मिळणे तिच्या मर्जीवर राहते. म्हणून घेणाऱ्याला नाणे आणि नेटवर्क दोन्ही विचारावीत, त्याच्या वॉलेटची यादी पाहावी आणि प्रथम अल्प रक्कम पाठवावी.

बँकांचा अनुभव येथे उद्बोधक आहे. केवळ खाते क्रमांकावरून रक्कम जमा करता येईल आणि तो अचूक देण्याची जबाबदारी पाठविणाऱ्याची, असे रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०१० मध्ये सांगितले. आरटीजीएस व एनईएफटीपूर्वी खातेदाराचे नाव दाखविण्याची सोय करण्यासाठी बँकांना १ एप्रिल २०२५ ही मुदत मिळाली. आभासी चलनावर २०२२ मध्ये ३० टक्के कर बसला आणि मार्च २०२३ मध्ये विनिमय कंपन्या मनी लाँडरिंग प्रतिबंधक कायद्याखाली आल्या. त्या दोन्हींत चुकीच्या साखळीवर गेलेली रक्कम परत मिळवून देण्याची तरतूद नाही.