वखारीपासून वसतिगृहापर्यंत : निपाणी-बेळगाव भागातील लोकसंस्थांची वाटचाल

हाताला काम, डोक्यावर छप्पर आणि मुलांना शिक्षण या तीन गरजा एकाच छताखाली हाताळणारी स्वयंसेवी संस्था आज शहरोशहरी दिसते. निपाणी-बेळगाव भागात अशा संस्था देणगीदारांच्या पुढाकारातून कमी आणि कष्टकऱ्यांच्या संघटनांमधून अधिक उभ्या राहिल्या. तंबाखूच्या वखारीत राबणाऱ्या बायका, घरी बिड्या वळणारी कुटुंबे, यल्लम्मा देवीला सोडलेल्या मुली आणि गावकुसाबाहेर ठेवलेल्या जातींमधली पोरे हे त्यांचे मूळ घटक. हक्काची मागणी आधी आली. प्रशिक्षण, कर्ज, घरकुल आणि वसतिगृह ही कामे त्यामागून आली. या भागातील सामाजिक कार्याचे वेगळेपण याच क्रमात आहे.

या कामाची पहिली बीजे वसतिगृहांच्या चळवळीत सापडतात. शेजारच्या कोल्हापूर संस्थानात राजर्षी शाहू महाराजांनी 1901 मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू केले आणि पुढे वेगवेगळ्या जातिधर्मांच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहांची मालिकाच उभी केली. खेड्यातल्या मुलाला शहरात राहायला जागा मिळाली तरच त्याचे शिक्षण होते, हे त्यांनी ओळखले होते. मार्च 1920 मध्ये याच संस्थानातील माणगावला अस्पृश्यांची परिषद भरली. तिचे अध्यक्षपद डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे होते आणि शाहू महाराज स्वतः तेथे हजर होते.

20 जुलै 1924 रोजी मुंबईत बाबासाहेबांच्या पुढाकाराने बहिष्कृत हितकारिणी सभेची स्थापना झाली. वसतिगृहे काढून शिक्षणाचा प्रसार करणे, वाचनालये व अभ्यासवर्ग चालवणे, औद्योगिक आणि शेतकी शाळांमधून आर्थिक स्थिती सुधारणे आणि अस्पृश्यांची गाऱ्हाणी सरकारपुढे मांडणे ही तिची उद्दिष्टे होती. आजच्या स्वयंसेवी संस्थेचा जवळजवळ सगळा आराखडा त्यांत आहे. दुसऱ्याच वर्षी, एप्रिल 1925 मध्ये, मुंबई इलाख्यातील बहिष्कृतांची प्रांतिक परिषद निपाणीला भरली आणि तिचे अध्यक्षपदही बाबासाहेबांनी भूषवले. चळवळीचे वारे थेट या भागात आले. धारवाडला दलित विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह निघाले आणि त्याची जबाबदारी बळवंतराव वराळे यांनी सांभाळली. या वराळे कुटुंबाचे निपाणीशी जवळचे नाते आहे.

निपाणीची ओळख मात्र तंबाखूने घडवली. कोल्हापूर आणि बेळगाव यांच्या मध्ये, पुणे-बंगळूर महामार्गावर वसलेल्या या गावाभोवतीच्या काळ्या जमिनीत बिडीचा तंबाखू उत्तम येतो. चिकोडी, हुक्केरी, कागल या तालुक्यांतला माल निपाणीच्या बाजारात येई. व्यापाऱ्यांच्या वखारींत तो कुटला जाई, चाळला जाई, पाखडला जाई आणि पोत्यांत भरून बिडी कारखान्यांकडे जाई. ही कामे बहुतेक बायकाच करत. बंद जागेत दिवसभर उडणारी तंबाखूची धूळ नाकातोंडात जाई. खोकला, चक्कर, मळमळ, डोळ्यांची जळजळ हे रोजचेच होते. मजुरी तुटपुंजी, कामाचे तास ठरलेले नाहीत आणि उद्या काम मिळेलच याची खात्री नाही. बिडीचे काम याहून विखुरलेले होते. पाने आणि तंबाखू घरी नेऊन बायका बिड्या वळत आणि मोजून परत देत. त्यांतल्या काही बिड्या खराब म्हणून बाजूला काढल्या जात आणि त्यांची मजुरी बुडे.

1966 मध्ये केंद्र सरकारने बिडी व सिगार कामगारांच्या सेवाशर्तींचा कायदा केला. घरी बसून बिड्या वळणाऱ्यांनाही त्याने कामगार मानले. रजा, बाळंतपणाची सवलत, कामाचे तास आणि नाकारलेल्या बिड्यांबाबतचे तंटे यांची तरतूद त्यात होती. 1976 मध्ये बिडी कामगार कल्याण निधीचा आणि त्यासाठीच्या उपकराचा कायदा झाला. बिड्यांवरील उपकरातून दवाखाने, मुलांच्या शिष्यवृत्त्या आणि घरबांधणीसाठी अनुदान देण्याची सोय झाली. या सोयी मिळण्यासाठी कामगाराजवळ ओळखपत्र असणे गरजेचे होते आणि ओळखपत्रासाठी आपण बिडी कामगार आहोत याचा पुरावा लागे. पुरावा मालकाच्या हाती आणि मालकाला तो द्यायचा नसे. कायदा आणि कामगार यांच्यामधली ही दरी भरून काढायला संघटनेचीच गरज होती.

निपाणीत ही संघटना 1970 च्या दशकाच्या अखेरीस आकाराला आली. देवचंद कॉलेजातील प्राध्यापक सुभाष जोशी यांनी तंबाखू आणि बिडी कामगार स्त्रियांना एकत्र आणले आणि चिकोडी तालुका कामगार महासंघ उभा राहिला. हे कॉलेज ज्या अर्जुननगरात आहे, ते निपाणीला खेटून असले तरी महाराष्ट्राच्या हद्दीत, कागल तालुक्यात येते. प्राध्यापक महाराष्ट्रात शिकवतो आणि संघटना कर्नाटकात बांधतो, हे या सीमाभागातच घडू शकते. किमान वेतन, ठरलेले तास, बोनस, भविष्यनिर्वाह निधी आणि बाईमाणसाला माणूस म्हणून वागवणे या मागण्यांसाठी बायका रस्त्यावर आल्या. मालकापुढे मान वर न करणाऱ्या बायका मोर्चात घोषणा देऊ लागल्या आणि सभेत बोलू लागल्या. लेखक अनिल अवचटांनी निपाणीच्या कामगार स्त्रियांचे जगणे मराठी वाचकांपुढे आणले. युगांतर या स्त्रियांच्या चित्रपटगटाने 1982 मध्ये ‘तंबाखू चाकीला ऊब आली’ हा माहितीपट काढला, तर अभ्यासक छाया दातार यांनी या लढ्याचा अभ्यास ‘वेजिंग चेंज’ या 1989 च्या इंग्रजी पुस्तकात मांडला. एका बाजारपेठेच्या गावातल्या बायकांचा लढा देशातल्या स्त्री चळवळीच्या अभ्यासाचा विषय झाला.

1981 मध्ये तंबाखू पिकवणारा शेतकरीही उठला. व्यापारी ठरवतील तो भाव घ्यायचा, वजनात आणि पैसे देण्यात होणारी अडवणूक सोसायची, ही परिस्थिती त्याला असह्य झाली होती. शेतकरी संघटनेचे नेते शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली 14 मार्चला महामार्गावर रास्ता रोको सुरू झाला. हजारो शेतकऱ्यांनी रस्त्याकडेला मुक्काम ठोकला आणि तिथे एक आंदोलननगरीच वसली. 6 एप्रिलला आंदोलन मोडण्यासाठी पोलिसांनी गोळीबार केला आणि त्यात शेतकऱ्यांचे बळी गेले. शेतकरी आणि कामगार यांचे हितसंबंध परस्परविरोधी असतात असे पुस्तकी गणित सांगते. निपाणीत मात्र दोघांच्या चळवळींना जोडणारा दुवा सुभाष जोशी हेच होते. पुढे ते निपाणीचे आमदारही झाले. निपाणीतच पिठाची गिरणी चालवणारे कथाकार महादेव मोरे यांनी याच गावातले कामगार, गॅरेजवाले, ड्रायव्हर आणि वंचित स्त्रिया आपल्या कथा-कादंबऱ्यांतून उभ्या केल्या. या समाजाचा इतिहास वाचायचा तर त्यांचे साहित्यही वाचावे लागते.

वखारीतल्या बायकांचे प्रश्न मजुरीपाशी संपत नव्हते. त्यांच्यात देवदासीही होत्या. बेळगाव जिल्ह्यातील सौंदत्तीच्या डोंगरावरचे यल्लम्माचे ठाणे हे महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या लाखो भाविकांचे श्रद्धास्थान. गरीब, मुख्यतः दलित घरांतल्या लहान मुलींना गळ्यात मणी बांधून देवीला सोडण्याची प्रथा या परिसरात रुजली होती. अशा मुलीला लग्न नाही आणि तिच्या मुलांना बापाचे नाव नाही. त्यामुळे तिच्या वाट्याला शोषण आणि पुष्कळदा मुंबई-पुण्याच्या वेश्यावस्त्यांचा रस्ता येई. मुंबई इलाख्यात 1934 मध्ये आणि कर्नाटकात 1982 मध्ये देवदासी प्रथेविरुद्ध कायदे झाले. महाराष्ट्राचा कायदा त्यानंतर वीसहून अधिक वर्षांनी आला.

कायद्याच्या आधी आणि बरोबरीने काम केले ते कार्यकर्त्यांनी. डॉ. बाबा आढाव यांच्या महात्मा फुले समता प्रतिष्ठानने 1975 मध्ये सीमेलगतच्या गडहिंग्लजला देवदासींची परिषद भरवली आणि हा प्रश्न महाराष्ट्राच्या वेशीवर टांगला. बेळगावजवळच्या यमनापूरचे डॉ. भीमराव गस्ती (1950-2017) यांनी ते काम सीमेच्या कर्नाटकाच्या बाजूने उचलले. गुन्हेगार म्हणून शिक्का मारलेल्या बेरड समाजात त्यांचा जन्म झाला. परदेशात उच्च शिक्षण घेतल्यानंतर ते आपल्या माणसांत परतले, ‘उत्थान’ ही संस्था काढली आणि बेरडांवरील पोलिसी अत्याचारांविरुद्ध, देवदासी प्रथेविरुद्ध आणि देवदासींच्या मुलांच्या शिक्षणासाठी आयुष्य वेचले. 1987 मध्ये प्रसिद्ध झालेले त्यांचे ‘बेरड’ हे आत्मकथन मराठीत गाजले. देवदासीच्या मुलासाठी वसतिगृहाचे मोल मोठे होते. शाळेच्या दाखल्यात बापाच्या नावाची जागा रिकामी असलेल्या मुलाला निवाऱ्याबरोबर ओळखही हवी होती.

1990 च्या दशकात या कामाला बचतगटांचे बळ मिळाले. तिबेटी निर्वासितांच्या पुनर्वसनासाठी 1968 मध्ये स्थापन झालेल्या मायराडा या कर्नाटकी संस्थेने 1980 च्या दशकात गरिबांचे छोटे स्वयंसहायता गट बांधले. नाबार्ड या ग्रामीण विकास बँकेने 1987 मध्ये या प्रयोगासाठी तिला 10 लाख रुपये दिले आणि 1992 मध्ये असे गट बँकांशी जोडण्याचा कार्यक्रम सुरू केला. बेळगाव जिल्ह्यात राज्याच्या महिला विकास महामंडळाने मायराडाच्या साथीने देवदासी पुनर्वसनाचा प्रकल्प हाती घेतला. गावोगावी देवदासींचे गट झाले. शिवणकाम, शेळीपालन, दुभती जनावरे, किरकोळ दुकान अशा उद्योगांसाठी प्रशिक्षण आणि कर्ज मिळू लागले.

या प्रकल्पातूनच 1997 मध्ये घटप्रभा येथे ‘मास’ ही संस्था उभी राहिली. एकेकाळी देवीला सोडलेल्या स्त्रियांच्या हाती तिचा कारभार आला, ही तिची सर्वांत मोठी कमाई. चिकोडी तालुक्यातील कब्बूरच्या सीताव्वा जोडट्टी लहानपणी स्वतः देवदासी झाल्या होत्या. त्यांनी या संस्थेचे नेतृत्व केले आणि 2018 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. ज्यांच्यासाठी योजना आखायच्या, त्यांनीच त्या चालवायच्या, हे तत्त्व येथे प्रत्यक्षात उतरले. नव्या मुलीला सोडण्याची कुणकुण लागताच घरी जाऊन समजूत काढणे, वेळ पडल्यास पोलिसांत जाणे, मुलींची लग्ने लावणे, मुलांना शाळेत टिकवणे आणि सरकारी घरकुलासाठी अर्ज करून त्याचा पाठपुरावा करणे ही त्यांची कामे.

घराच्या प्रश्नात संस्थांचे मुख्य काम वाट दाखवण्याचे राहिले आहे. कर्नाटकात 1975 पासून झोपडपट्टी विकास मंडळ आहे आणि 1991-92 पासून बेघरांसाठी आश्रय योजना सुरू झाली. बिडी कामगारांसाठी कल्याण निधीतून वेगळे अनुदान होते आणि 2016 च्या सुधारित योजनेत ते घरामागे दीड लाख रुपये झाले. या सगळ्यांसाठी जागेचा उतारा, उत्पन्नाचा दाखला, ओळखपत्र, बँकखाते आणि हप्त्यांच्या वेळी बांधकामाचा पुरावा लागतो. सीमाभागात आणखी एक अडचण येते. अर्ज आणि आदेश कन्नडमध्ये असतात आणि अर्जदार बाई पुष्कळदा मराठी बोलणारी, अनेकदा निरक्षर असते. तो कागद वाचून दाखवणारा, भरून देणारा आणि कचेरीत सोबत येणारा कार्यकर्ता हाच गरिबाचा गृहसल्लागार ठरतो.

सीमेचा परिणाम एवढ्यावरच थांबत नाही. 1 नोव्हेंबर 1956 ला बेळगाव जिल्ह्याचा बहुतेक भाग तेव्हाच्या म्हैसूर, म्हणजे आताच्या कर्नाटक राज्यात गेला. दोन राज्यांच्या सीमावादावरील महाजन आयोगाने 1967 मध्ये निपाणी, खानापूर आणि नंदगड महाराष्ट्राला देण्याची शिफारस केली, पण ती अमलात आली नाही. 2004 पासून हा सीमावाद सर्वोच्च न्यायालयात आहे. कष्टकऱ्यांचे जगणे मात्र सीमेच्या दोन्ही बाजूंना पसरलेले आहे. माहेर गडहिंग्लजला, सासर संकेश्वरला, काम निपाणीला आणि देवी सौंदत्तीला अशी एकाच बाईच्या आयुष्याची मांडणी असते. योजनांची पात्रता राज्याच्या हद्दीपाशी थांबते आणि तिला कुठल्या राज्याची म्हणावे या प्रश्नात तिचा हक्क अडकतो. दोन्ही राज्यांतल्या संस्थांनी एकमेकींशी संपर्क ठेवून काम करणे त्यामुळे अपरिहार्य झाले.

गेल्या दोन दशकांत बिडीचा धंदा आक्रसत गेला. तंबाखू नियंत्रणाचा 2003 चा कायदा, बदललेल्या सवयी आणि 2017 मध्ये वस्तू व सेवा करात बिडीवर लागलेला 28 टक्के कर यांचा भार धंद्यावर पडला. त्याच वर्षी कल्याण उपकरही बंद झाला आणि त्यावर चालणाऱ्या योजना सरकारी अंदाजपत्रकावर अवलंबून राहिल्या. पर्यायी रोजगाराचे प्रशिक्षण ही आता या भागाची पहिली गरज आहे. कर्नाटकातील उजिरे येथे 1982 मध्ये धर्मस्थळाचे वीरेंद्र हेगडे आणि बँकांनी मिळून सुरू केलेले स्वयंरोजगार प्रशिक्षणाचे केंद्र पुढे देशभर जिल्ह्याजिल्ह्यांत अनुसरले गेले. निवासी, विनामूल्य, अल्प मुदतीचे प्रशिक्षण आणि नंतर बँकेच्या कर्जाची जोड असे त्याचे स्वरूप आहे. तरुणांना त्याचा उपयोग होतो. पन्नाशीच्या, आयुष्यभर तंबाखूत हात घातलेल्या बाईला मात्र निवृत्तिवेतन, औषधोपचार आणि घर यांचाच आधार लागतो.

शंभर वर्षांच्या या वाटचालीत संस्थांची नावे आणि निधीचे मार्ग बदलत गेले. कामाची तीन अंगे मात्र कायम राहिली आणि ती एकमेकांशिवाय टिकत नाहीत, हे दरवेळी दिसून आले. मजुरी वाढल्याशिवाय मूल शाळेत टिकले नाही, घराचा पत्ता नसताना ओळखपत्र मिळाले नाही आणि संघटना नसताना कायदा कागदावरच राहिला. निपाणीच्या वखारीत आणि घटप्रभेच्या बैठकीत बायका स्वतः बोलू लागल्या, तेव्हाच त्या कायद्यांचा आणि योजनांचा लाभ त्यांच्यापर्यंत पोहोचू लागला.