कॅलिपरच्या खाचेतला इतिहास

डिस्क ब्रेकचा विषय निघाला की सगळे डिस्कबद्दलच बोलतात. किती एमएमची आहे, भोकं आहेत का, कडा नागमोडी आहे का... साहजिकच आहे, चकचकीत दिसते तीच. पण घरी कधी कॅलिपर खोललात तर लक्षात येईल की सगळा कारभार चालतो तो आतल्या एका रबराच्या रिंगवर आणि ती जिच्यात बसते त्या दोन-तीन मिलिमीटरच्या खाचेवर. आज या रिंगबद्दलच लिहितोय. विषय जरा ग्रीस-कळकट वाटेल, पण गंमत म्हणजे या कामात साध्या ग्रीसला सक्त मनाई आहे. का ते पुढे येईलच.

निमित्त असं झालं की माझ्या जुन्या बाईकचा पुढचा ब्रेक धरून राहायला लागला. लिव्हर सोडलं तरी पॅड डिस्कला चिकटलेलेच. पार्किंगमधून गाडी ढकलताना जड लागायची. सर्व्हिसला नेली तर तिथला पोरगा न खोलताच म्हणाला, "साहेब, कॅलिपर गेलाय. अख्खी असेंब्लीच टाका."

आता आमच्या धंद्यात कोणी "सर्व्हर गेलाय" म्हणालं की पहिला प्रश्न असतो, म्हणजे नक्की काय गेलंय? कॅलिपर म्हणजे अॅल्युमिनियमचा ठोकळा, त्यात एक किंवा दोन पिस्टन, काही रबरं आणि दोन पिना. यातलं गेलं काय? या प्रश्नाचं उत्तर शोधता शोधता मी थेट सतराव्या शतकात जाऊन पोचलो.

गळतीचा प्रश्न

बंद भांड्यातल्या द्रवावर दिलेला दाब सगळीकडे सारखाच पोचतो, हा पास्कलचा नियम शाळेत सगळ्यांनीच पाठ केलेला असतो. पास्कल १६६२ मध्ये गेला आणि त्याचा यावरचा ग्रंथ १६६३ मध्ये छापला गेला. हायड्रॉलिक ब्रेकचं अख्खं गणित त्या नियमात आहे. समजा हँडलवरच्या मास्टर सिलिंडरचा पिस्टन १२ मिमी व्यासाचा आणि कॅलिपरचा ३० मिमीचा. व्यास अडीच पट म्हणजे क्षेत्रफळ सव्वासहा पट, आणि तेवढ्याच पटीत जोर वाढला. लिव्हरच्या लांबीचा फायदा वेगळाच.

मग १६६३ नंतर लगेच यंत्रं का नाही बनली? कारण कागदावरचा सिलिंडर गळत नाही. खऱ्या सिलिंडरमध्ये पिस्टन हलायचा तर त्याच्याभोवती फट हवी, आणि फट असली की द्रव बाहेर येणारच. लंडनच्या जोसेफ ब्रामाने हायड्रॉलिक प्रेसचं पेटंट घेतलं ते १७९५ मध्ये, म्हणजे १३२ वर्षांनी. आणि त्याचीही अडचण गळतीचीच होती. ती सोडवण्याचं श्रेय त्याच्या कारखान्यातल्या हेन्री मॉड्स्लेला दिलं जातं. युक्ती साधी होती. चामड्याची वाटीसारखी वळवलेली पट्टी पिस्टनभोवती अशी बसवायची की द्रवाचा दाबच तिला भिंतीवर दाबून धरेल. दाब जितका जास्त, तितकी सील घट्ट. आजही मास्टर सिलिंडर खोलला की आत याच कल्पनेचा रबरी अवतार बसलेला सापडतो.

चामडं, रबर आणि एरंडेल

गाडीच्या हायड्रॉलिक ब्रेकचं नाव जोडलं जातं ते अमेरिकेतल्या माल्कम लॉकहीडशी. आडनावाचं स्पेलिंग इतकं विचित्र होतं की लोक उच्चार चुकवायचे, म्हणून या भावांनी पुढे स्पेलिंगच बदललं. विमानांची लॉकहीड कंपनी काढणारा अॅलन हा त्याचाच भाऊ. माल्कमचं ब्रेकचं पेटंट १९१७ चं. १९२१ च्या डुझेनबर्ग मॉडेल ए मोटारीत चारही चाकांना हायड्रॉलिक ब्रेक आले.

पण लॉकहीडच्या सुरुवातीच्या सीलही चामड्याच्याच होत्या. चामडं सुकतं, आकसतं आणि गळायला लागतं. प्रेस गळली तर जमीन ओली होते, ब्रेक गळला तर माणूस मरतो. म्हणून १९२४ ची पहिली क्रायसलर मोटार बाजारात आणताना तिच्या इंजिनिअरांनी चामडं काढून रबराच्या वाट्या बसवल्या.

इथे एक नवीन भानगड उभी राहिली. त्या काळचं रबर म्हणजे झाडाचं, नैसर्गिक रबर. खनिज तेलात ते फुगून मऊ पडतं. मग पाइपात भरायचं काय? उत्तर निघालं एरंडेल! तेच आपलं आज्जीच्या कपाटातलं. एरंडेल तेल आणि अल्कोहोलचं मिश्रण ब्रेकमध्ये कित्येक वर्षं वापरलं जात होतं, कारण ते रबराला मानवतं आणि वंगणही देतं.

पुढे ग्लायकॉलवर आधारित द्रव आले. आज बाटलीवर डॉट ३ किंवा डॉट ४ लिहिलेलं असतं ते हेच. हे तेल नव्हेच, पण आपण अजूनही त्याला 'ब्रेक ऑइल' म्हणतो. हे नाव फार घातकी आहे. 'ऑइल' म्हटलं की माणसाला वाटतं, थोडं इंजिन ऑइल लागलं तर काय बिघडलं? सगळंच बिघडतं. आताच्या ब्रेकमधल्या सील सहसा ईपीडीएम नावाच्या कृत्रिम रबराच्या असतात, आणि ते रबरही खनिज तेलात फुगतं. पेट्रोल, रॉकेल, डिझेल, साधं ग्रीस, चेन स्प्रे हे सगळे त्याच घराण्यातले. शंभर वर्षांपूर्वी एरंडेल का निवडलं हे ज्याला माहीत आहे, तो कॅलिपर रॉकेलच्या ट्रेमध्ये बुडवणार नाही.

मोठं काम खाचेचं

नील्स क्रिस्टेन्सन हा डेन्मार्कहून अमेरिकेत गेलेला माणूस. आधी त्याने ट्रामसाठी हवेच्या दाबावरचे ब्रेक बनवले होते. १९३७ मध्ये, वयाच्या ७२ व्या वर्षी, त्याने एका रबरी रिंगच्या पेटंटसाठी अर्ज केला. आपण आज जिला ओ-रिंग म्हणतो ती हीच. पेटंट १९३९ मध्ये मिळालं आणि दुसऱ्या महायुद्धात विमानांच्या हायड्रॉलिक्समध्ये ही रिंग सगळीकडे पसरली.

रबराची गोल रिंग काही कोणी पाहिली नव्हती असं नाही. क्रिस्टेन्सनची खरी करामत होती ती खाचेच्या मापात. खाच रिंगपेक्षा थोडी रुंद हवी, म्हणजे पिस्टन हलताना रिंगला त्या जागेत किंचित लोळता येतं आणि ती घासून फाटत नाही. जागा कमी पडली तर तीच रिंग काही दिवसांत संपते. प्रोग्रॅमरच्या भाषेत सांगायचं तर रिंग हे फंक्शन आणि खाच हा त्याचा इंटरफेस. दुसरा बिघडला की पहिलं कितीही चांगलं लिहा, उपयोग शून्य.

स्प्रिंग कुठे आहे?

आता डिस्क ब्रेक. बर्मिंगहॅमच्या फ्रेडरिक लँचेस्टरने त्याचं पेटंट घेतलं ते १९०२ मध्येच! पण त्याच्या ब्रेकला तांब्याचे पॅड होते आणि ते भयंकर किंचाळायचे. डिस्कला खरी प्रतिष्ठा मिळाली १९५३ मध्ये, जेव्हा टोनी रोल्ट आणि डंकन हॅमिल्टन यांनी डनलॉपचे डिस्क ब्रेक लावलेली जॅग्वार सी-टाइप घेऊन ल मांची २४ तासांची शर्यत जिंकली.

ड्रम ब्रेकमध्ये शू मागे ओढायला स्प्रिंग असते, सगळ्यांनी पाहिलेली. कॅलिपर खोलल्यावर मात्र मी स्प्रिंग शोधत बसलो आणि सापडेना. मग पिस्टन मागे कोण नेतं? डनलॉपच्या सुरुवातीच्या कॅलिपरमध्ये त्यासाठी पिस्टनच्या आत वेगळी पिन आणि घर्षणाचा बुश असे. पुढे ते काम सीलवरच सोपवलं गेलं. कॅलिपरची सील गोल नसून चौकोनी छेदाची असते आणि तिच्या खाचेला एका बाजूला किंचित उतार असतो. ब्रेक दाबला की पिस्टन पुढे सरकतो, आणि त्याला घट्ट धरून बसलेली सील त्या उताराकडे वाकते. लिव्हर सोडलं की रबर सरळ होतं आणि पिस्टनला मिलिमीटरच्या काही दशांशांइतकं मागे खेचतं. बस्स, पॅड डिस्कपासून सुटायला तेवढं पुरतं.

आणि पॅड झिजले की? पिस्टनला जास्त पुढे जावं लागतं, सील वाकायची तेवढी वाकते आणि उरलेलं अंतर पिस्टन तिच्यातून घसरतो. मागे येताना मात्र तेवढाच दशांश. म्हणजे अॅडजस्टमेंट आपोआप! ड्रमचा नट आवळून घ्यायला आपण मेकॅनिककडे जायचो, डिस्कसाठी कधी जात नाही, ते यामुळे. गळती थांबवणं, पिस्टन परत आणणं आणि झीज भरून काढणं, तीन कामं करणारा एक रबराचा तुकडा.

मोटरसायकलवर हे सगळं पोचलं १९६९ च्या होंडा सीबी ७५० बरोबर. मोठ्या संख्येने बनलेली, पुढे हायड्रॉलिक डिस्क असलेली ती पहिली मोटरसायकल. आपल्याकडे सर्वसामान्यांच्या बाईकवर डिस्क रुळली ती १९९९ ची हिरो होंडा सीबीझेड आणि २००१ ची बजाज पल्सर यांच्यापासून. गाड्या बदलल्या, पण नाक्यावरच्या गॅरेजमधला रॉकेलचा ट्रे, ब्रश आणि ग्रीसचा डबा तेच राहिले. ड्रमच्या जमान्यात ते चालून जात होतं.

तर मग 'गेलं' काय होतं?

शनिवारी सकाळी खोलून बघितलं. पिस्टन बाहेर काढायला ब्रेकचीच ताकद वापरायची. कॅलिपर डिस्कवरून उतरवायचा, पॅड काढायचे, समोर लाकडाचा तुकडा ठेवायचा आणि नळी न काढता लिव्हर हळूहळू दाबत राहायचं. कंप्रेसरची हवा मारणं टाळा, पिस्टन गोळीसारखा सुटतो आणि बोट चेचतो. आतली काळी पूडही फुंकून उडवू नका, जुन्या पॅडमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकतं. ओल्या फडक्याने पुसा.

खाचेत दोन रिंग असतात. आतली दाबाची आणि बाहेरची धूळ अडवणारी. लाकडी टूथपिकने काढल्या, कारण स्क्रूड्रायव्हरने खाचेला ओरखडा पडतो. आणि रिंगखाली ती सापडली, पांढरी, चुन्यासारखी पपडी. अॅल्युमिनियमचं गंजणं म्हणजे ही पपडी. पावसाचं पाणी धुळीच्या रिंगमागून शिरतं, आणि ब्रेक ऑइल स्वतःही हवेतली ओल शोषून घेतं. पपडी वाढली की ती सीलला खालून उचलते, सील पिस्टनला आवळते आणि वाकायला जागाच उरत नाही. लिव्हर सोडल्यावर मागे खेचणारं कोणी नाही, म्हणून ब्रेक धरून राहतो. क्रिस्टेन्सनची खाच बुजली होती, दुसरं काही नाही.

साफसफाई आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि नायलॉनच्या ब्रशने केली, कोपऱ्यांसाठी पुन्हा टूथपिक. सँडपेपर खाचेला लावायचा नाही. नवीन सील किट घेतलं (पूर्ण कॅलिपरच्या मानाने किंमत किरकोळ), रिंगा ताज्या ब्रेक ऑइलमध्ये बुडवून बोटांनी बसवल्या. पिस्टनही तसाच ओला करून नुसत्या अंगठ्यांनी सरळ आत गेला. कॅलिपर ज्या पिनांवर सरकतो त्यांना ब्रेकसाठीचं सिलिकॉन ग्रीस. मग नवीन, सीलबंद बाटलीतलं ऑइल भरून निपलमधून हवा काढली, लिव्हर दगडासारखं कडक लागेपर्यंत. ऑइल रंगावर सांडलं तर रंग सोलून काढतं, त्यामुळे हाताशी पाणी ठेवा. आधी सोसायटीच्या आवारातच पायी वेगात दहा-बारा वेळा ब्रेक मारून पाहिला, मग रस्त्यावर.

पण एक गोष्ट स्पष्ट सांगतो. प्रत्येक कॅलिपर वाचतोच असं नाही. पिस्टनच्या क्रोमला सील फिरते त्या जागी खड्डे पडले असतील तर पिस्टन बदलायचा. सिलिंडरच्या भिंतीवर किंवा खाचेच्या कडेला नखाला लागेल असा ओरखडा असेल तर कॅलिपर खरंच गेलाय, भंगारात द्या. तिथे 'चालून जाईल' हा शब्द नको. एबीएस असलेल्या काही गाड्यांमध्ये हवा काढायला स्कॅनर लागतो, तेही आधी मॅन्युअलमध्ये बघा. आणि हाताला खात्री नसेल तर जाणत्या मेकॅनिककडे जा, फक्त त्याला रॉकेलचा ट्रे लांब ठेवायला सांगा.

सर्व्हिसवाल्या पोराचा मला राग नाही. त्याला दिवसाला ठरलेल्या गाड्या उरकायच्या असतात आणि खाच साफ करायला अख्खी सकाळ जाते. पण "गेलाय" हे निदान नसतं, तो फक्त निकाल असतो. खोलून बघितल्याशिवाय तो मान्य करायचं कारण नाही. ब्रेकच्या बाबतीत तर नाहीच, कारण न बघता अख्खा भाग बदलणारा माणूस उद्या न बघताच "ठीक आहे" असंही म्हणू शकतो.

ता.क. ब्रेक ऑइल साधारण दर दोन वर्षांनी बदलावं. डॉट ४ चा उत्कलनबिंदू ताजा असताना किमान २३० अंश सेल्सिअस असतो, ३.७ टक्के पाणी मुरल्यावर किमान १५५ वर येतो. घाट उतरताना हा फरक लिव्हरला कळतो.