मठाच्या उंबरठ्यावर

धर्माचा इतिहास लिहिणाऱ्यांचें लक्ष बहुधा दोन प्रकारच्या माणसांकडे जातें. एक, ज्यांनीं घरदार सोडून दीक्षा घेतली ते. दुसरे, ज्यांनीं घेतलेली दीक्षा मोडली ते. पहिल्यांचीं चरित्रें लिहिलीं जातात, दुसऱ्यांविषयीं कुजबूज होते. परंतु या दोहोंच्या मध्यें आणखी एक वर्ग आहे, व त्याची नोंद क्वचितच सांपडते. मठाच्या दारापर्यंत जाऊन, आंत कांहीं काळ राहून, तेथील मौन, प्रार्थना आणि आज्ञापालन जवळून पाहून, 'हा मार्ग माझा आहे काय?' असा प्रश्न स्वतःस विचारणाऱ्यांचा हा वर्ग होय. एकोणिसाव्या शतकांत मराठी घराण्यांतील अशीं दोन ठळक माणसें आढळतात. एक नीळकंठशास्त्री ऊर्फ नेहेम्या गोरे व दुसऱ्या पंडिता रमाबाई. दोघांच्याहि धर्मांतरासंबंधीं आजवर पुष्कळ वाद झाला आहे. तो येथें पुनः उकरून काढावयाचा नाहीं. मठाच्या उंबरठ्यावर उभें राहून या दोघांनीं काय पाहिलें, आणि तेथून तीं काय घेऊन परतलीं, एवढाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

हा प्रश्न आपल्या समाजास परका नाहीं. ज्ञानेश्वरांचे वडील विठ्ठलपंत यांची कथा घराघरांत ठाऊक आहे. परंपरा सांगते कीं, त्यांनीं काशीस जाऊन संन्यास घेतला, तेव्हां मागें पत्नी आहे ही गोष्ट गुरूस कळली नव्हती. पुढें ती कळतांच गुरूनें त्यांस गृहस्थाश्रमांत परत पाठविलें, आणि त्याचा दंड चार निष्पाप मुलांस भोगावा लागला. त्या वेळच्या ब्रह्मवृंदाच्या कठोरपणास आपण नांवें ठेवतों, व तें योग्यच आहे. परंतु त्या कथेंत आणखी एक दोष आहे. त्याकडे फारसें कोणी पाहत नाहीं. दीक्षा देतांना उमेदवाराची पारख झाली नव्हती. दार फार लौकर उघडलें गेलें.

युरोपांतील मठसंस्थेचा पाया ज्यानें घातला त्या बेनेडिक्टनें सहाव्या शतकांत आपल्या मठासाठीं जो नियम लिहिला, त्याचें अठ्ठावन्नावें प्रकरण या दृष्टीनें फार वाचनीय आहे. नव्या माणसास सहज आंत घेऊं नये, अशीच त्या प्रकरणाची सुरुवात आहे. त्यानें चार-पांच दिवस दार ठोठावीत राहावें. अपमान झाला तरी तो सोसावा. मग त्यास अतिथिगृहांत ठेवावें. नंतर एका अनुभवी वृद्धाच्या देखरेखीखालीं नवशिक्यांच्या खोलींत. दोन महिन्यांनीं त्यास संपूर्ण नियम वाचून दाखवावा व सांगावें कीं, हें पाळतां येत असेल तर ये, नाहीं तर तूं जावयास मोकळा आहेस. आणखी सहा महिन्यांनीं नियम पुनः वाचावा. त्यानंतर चार महिन्यांनीं तिसऱ्यांदा. एवढें झाल्यावर त्यानें स्वहस्तें प्रतिज्ञापत्र लिहून वेदीवर ठेवावयाचें. त्याचे घरचे कपडे मात्र जाळावयाचे नाहींत किंवा वाटावयाचे नाहींत. ते मठाच्या कोठींत जपून ठेवावयाचे. कारण न जाणो, एखादे दिवशीं तो जाऊं म्हणेल, तेव्हां त्यास ते परत द्यावे लागतील. बेनेडिक्टच्या दृष्टीनें मठ सोडून जाणें ही सैतानाची भूल होय. तरीहि तो माणसाचे कपडे जपून ठेवतो. मनुष्यस्वभावाचें इतकें शांत ज्ञान धर्मग्रंथांत विरळाच आढळतें.

हें वाचून कोल्हापूर प्रांतांतील वाचकास आश्चर्य वाटणार नाहीं. कबनूर, हातकणंगले, कुंभोज या टापूंत जैन वस्ती दाट आहे, आणि कुंभोजच्या बाहुबली डोंगरावर जाणाऱ्या कोणासहि दिगंबर संप्रदायाच्या पायऱ्या ठाऊक असतात. श्रावकानें एकामागून एक अकरा प्रतिमा चढावयाच्या. अकराव्या प्रतिमेंत क्षुल्लक व ऐलक असे दोन टप्पे. क्षुल्लकाजवळ दोन वस्त्रें, ऐलकाजवळ केवळ लंगोटी, आणि मुनीजवळ तीहि नाहीं. स्त्रियांसाठीं क्षुल्लिका व आर्यिका हीं पदें आहेत. विसाव्या शतकाआधीं लुप्तप्राय झालेली दिगंबर मुनिपरंपरा ज्यांनीं पुनः उजळली, ते भोज गांवचे आचार्य शांतिसागर, हेहि क्षुल्लकपद पाळून मगच १९२० मध्यें मुनि झाले. वस्त्र एकदम टाकावयाचें नसतें. तें एक एक करून सुटावें लागतें. रोमजवळच्या डोंगरावरील मठाधिपति आणि कृष्णाकांठचा श्रमण यांचें या बाबतींत एकमत आहे.

इंग्लंडांत ही परंपरा मध्येंच तुटली होती. आठव्या हेन्रीनें १५३६ ते १५४० या काळांत तेथील सर्व मठ मोडले. पुढें तीनशें वर्षें इंग्रजी चर्चमध्यें साधु-साध्वींचा संघ असा उरला नाहीं. आपल्याकडे गोव्यांत मात्र १६०६ मध्यें सांता मोनिका हा जोगिणींचा भव्य मठ उभारण्यास आरंभ झाला होता. परंतु पोर्तुगालनें १८३४ मध्यें मठसंस्था रद्द केल्यावर तेथें नवीन प्रवेश बंद झाला, आणि १८८५ मध्यें शेवटची जोगीण वारली. गोव्याचें दार असें हळूहळू मिटत असतां इंग्लंडांत नवीं दारें उघडत होतीं. १८४८ मध्यें वाँटेज या गांवीं विल्यम बटलर या धर्मोपदेशकानें सेंट मेरीच्या भगिनींचा संघ स्थापिला, आणि १८६६ मध्यें ऑक्सफर्डजवळ काउली येथें रिचर्ड बेन्सन यानें सेंट जॉनच्या नांवानें पुरुषांचा संघ काढला. थोड्याच वर्षांत दोन्ही संघांचीं माणसें पुण्यास येऊन पोहोंचलीं. पंचहौद मिशन तें हेंच. ऑक्टोबर १८९० मध्यें तेथें घेतलेल्या चहावरून टिळक, रानडे प्रभृतींवर ग्रामण्य उठलें, म्हणून त्या जागेचें नांव आपणांस परिचयाचें आहे. परंतु त्या चहाच्या पेल्यांपलीकडे तेथें व्रतस्थ माणसांचा एक संसार चालला होता, याची दखल पुण्याच्या वादांत कोणी घेतली नाहीं.

नीळकंठशास्त्री गोरे यांचा जन्म १८२५ मध्यें झांशीजवळ, बुंदेलखंडांत स्थायिक झालेल्या चित्पावन घराण्यांत झाला. वाढले ते काशींत. शास्त्राध्ययन झालेला हा तरुण मिशनऱ्यांशीं वाद करून त्यांस निरुत्तर करण्यास गेला, आणि वाद करतां करतां स्वतःच बदलला. १८४८ मध्यें जौनपूर येथें त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. घरचे, गुरु, मित्र सर्व तुटले. १८५३ मध्यें मुलगी झाली व लगेच पत्नी वारली. पुढल्या वर्षीं महाराजा दुलीपसिंग यांच्या समवेत ते इंग्लंडास गेले. ज्या धर्मासाठीं सर्वस्व सोडलें तो त्या देशांत सर्वत्र आचरणांत दिसेल, अशी त्यांची भाबडी अपेक्षा होती. लंडन पाहून ते किती निराश झाले, हें मॅक्समुल्लर यांनीं आपल्या आठवणींत नमूद केलें आहे.

त्या निराशेनंतरहि ते मागें फिरले नाहींत. षड्दर्शनदर्पण हा त्यांचा ग्रंथ १८६० मध्यें प्रसिद्ध झाला. १८७० मध्यें ते कलकत्त्यास पूर्ण दीक्षित धर्मोपदेशक झाले. परंतु पगारी उपदेशकाच्या जिण्यांत त्यांचें मन रमेना. फकिरी, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन या तीन व्रतांकडे तें ओढ घेत होतें. १८७६ मध्यें, पन्नाशी उलटल्यावर, काशीचा हा पंडित काउलीच्या मठांत नवशिका म्हणून दाखल झाला. घंटेबरोबर उठावें, ठरल्या प्रहरीं प्रार्थना म्हणावी, बाकी वेळ मौन पाळावें, आणि आपल्याहून ज्ञानानें धाकट्या असणाऱ्यांची आज्ञा शिरसावंद्य मानावी, असें तें जीवन. कांहीं काळानें ते हिंदुस्थानांत परतले व पुणें, इंदूर इत्यादि ठिकाणीं या संघाबरोबर काम करूं लागले. पण अखेरचें व्रत त्यांनीं कधींच घेतलें नाहीं. १८९५ मध्यें ते वारले, तेव्हांहि मठाच्या दृष्टीनें ते नवशिकेच होते.

याचें कारण काय असावें? त्यांच्या राहणींत उणीव होती, असें कोणीहि म्हणत नाहीं. त्यांचें जिणें पुष्कळ व्रतस्थांहून अधिक कडक होतें. पण त्यांचें मन जन्मभर शंकाकुल राहिलें. ज्या बुद्धीनें त्यांस काशींतून बाहेर काढलें, तीच बुद्धि नव्या धर्माच्या आधारांचीहि रात्रंदिवस तपासणी करीत असे. आजन्म प्रतिज्ञा करावयाची तर उद्यांच्या मनाचीहि हमी द्यावी लागते, आणि ती हमी देणें या सत्यनिष्ठ माणसास अप्रामाणिक वाटलें असावें, असें आमचें मत आहे. येथें त्या मठाचेंहि कौतुक केलें पाहिजे. त्यानें त्यांस व्रताचा आग्रह केला नाहीं, आणि व्रत घेत नाहींत म्हणून बाहेरहि काढलें नाहीं. जवळजवळ वीस वर्षें त्यांस उंबरठ्यावर राहूं दिलें.

पंडिता रमाबाईंची गोष्ट निराळी. १८८२ मध्यें वैधव्य आल्यावर त्या पुण्यास आल्या. आर्य महिला समाज काढला. हंटर कमिशनपुढें साक्ष दिली. पंचहौदच्या वाँटेज भगिनींची ओळख झाली, आणि १८८३ मध्यें लहानग्या मनोरमेस घेऊन त्या विलायतेस गेल्या. वैद्यकी शिकावी हा हेतु. परंतु कानांनीं कमी ऐकूं येत असल्यानें तो सिद्धीस गेला नाहीं. वाँटेजच्या मठांत त्या राहिल्या त्या उमेदवार म्हणून नव्हे, पाहुणी म्हणून. मात्र आयुष्याचें काय करावें, हा प्रश्न त्या पाहुणीच्या मनांत तितकाच तीव्र होता. बरोबर आलेल्या आनंदीबाई भगत यांचा तेथेंच दुर्दैवी अंत झाला. तो आघात सोसून त्या राहिल्या.

त्यांच्या मनावर खरा परिणाम झाला तो वाँटेजच्या प्रार्थनामंदिरांत नव्हे, तर लंडनच्या फुलहॅम भागांत. वाट चुकलेल्या स्त्रियांसाठीं भगिनींनीं तेथें आश्रम चालविला होता. अशा स्त्रियांस दाराशीं उभें न करणारा समाज रमाबाईंनीं पाहिलेला. येथें व्रतस्थ स्त्रिया त्यांस मायेनें वागवीत होत्या. हें कशामुळें, असें त्यांनीं विचारलें, तेव्हां एका भगिनीनें ख्रिस्ताची व विहिरीवरच्या शोमरोनी स्त्रीची गोष्ट त्यांस वाचून दाखविली. मनांतील तात्त्विक शंकांस उत्तर देण्यास गोऱ्यांचें हिंदुस्थानांतून आलेलें विवेचन उपयोगी पडलें. मठाच्या एका पाहुणीस मठाच्या दुसऱ्या पाहुण्यानें असा हात दिला. २९ सप्टेंबर १८८३ रोजी मायलेकींनीं बाप्तिस्मा घेतला.

परंतु धर्म स्वीकारणें वेगळें आणि मठाची शिस्त स्वीकारणें वेगळें, हें लौकरच दिसून आलें. रमाबाईंनीं आपला शाकाहार सोडला नाहीं. क्रुसावर लॅटिन अक्षरें कशाला, माझ्या लोकांस न समजणारी भाषा मी छातीवर कां मिरवावी, तेथें संस्कृत कां नको, असें त्यांनीं विचारलें. चेल्टनहॅमच्या विद्यालयांत असतां त्यांनीं तरुण पुरुषांस शिकवावें कीं नाहीं, हा प्रश्न निघाला. मुंबई व लाहोर येथील बिशपांनीं प्रतिकूल मत दिलें. हिंदुस्थानांत पुरुषांच्या भरसभेंत पुराण सांगितलेल्या या विदुषीस तें अपमानकारक वाटलें. त्यांच्या धर्ममाता भगिनी जेराल्डीन यांच्याशीं झालेला पत्रव्यवहार महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृति मंडळानें १९७७ मध्यें प्रसिद्ध केला. तो प्रत्येक सुशिक्षित कुटुंबानें वाचावा असा आहे. एका बाजूस खरी माया व शिस्तीचा आग्रह. दुसऱ्या बाजूस खरी कृतज्ञता व विवेकाचा आग्रह. पुरोहितांचें एक जूं मोठ्या कष्टानें उतरविल्यावर दुसरें मानेवर घेणार नाहीं, ईश्वराची आज्ञा मानीन पण ती मलाच वाचून समजली पाहिजे, असा रमाबाईंचा पवित्रा होता. भगिनी जेराल्डीन यांस त्यांत गर्व दिसला. दोघींपैकीं कोणासहि खोटें म्हणतां येत नाहीं, हेंच त्या पत्रांचें दुःख आहे.

१८८६ च्या आरंभीं रमाबाई अमेरिकेस गेल्या, व मठाचें दार मागें राहिलें. पण मठांत पाहिलेलें सर्वच मागें राहिलें असें नाहीं. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईस शारदासदन निघालें. पुढें दुष्काळांतील अनाथ मुलींसाठीं केडगांवीं मुक्तिसदन वाढलें. आणि त्याच आवारांत वाट चुकलेल्या स्त्रियांसाठीं कृपासदन उभें राहिलें. फुलहॅमला जें पाहिलें होतें, तें केडगांवच्या माळावर मराठी बोलूं लागलें. तेथें आजन्म व्रताची प्रतिज्ञा नव्हती, बिशपाची आज्ञा नव्हती. पण घंटा होती, प्रार्थना होती, आणि हातास काम होतें. मठ नाकारून रमाबाईंनीं मठांतलें जें सत्त्व तें उचललें.

वाँटेजच्या मठाची कथा पुढेंहि चालू राहिली. १ जानेवारी २०१३ रोजी तेथील अकरा भगिनी रोमन कॅथलिक पंथांत गेल्या, आणि त्यांच्यापासून निघालेल्या नव्या संघानें बेनेडिक्टचा नियम स्वीकारला. वृद्धापकाळीं, आयुष्यभराचें घर सोडून, यांतल्या कित्येकींनीं पुनः एकदां नवशिकी होण्याचें धैर्य दाखविलें. मार्गाची पारख तरुणपणीं एकदांच करावयाची असते, या समजुतीस हें चांगलें उत्तर आहे.

आजहि एखाद्या घरांत मुलगा किंवा मुलगी संन्यासाची, दीक्षेची, आश्रमांत राहावयास जाण्याची गोष्ट काढते, तेव्हां घरावर सावट येतें. आईबाप एक तर दार अडवून उभे राहतात, नाहीं तर लोकलज्जेनें लगेच मिरवणूक काढतात, आणि मिरवणुकीनंतर परतणें फार कठीण होतें. या दोन चरित्रांवरून तिसरी वाट दिसते. जाऊं द्यावें, राहूं द्यावें, पाहूं द्यावें, आणि परत आल्यास तोंड फिरवूं नये. गोरे उंबरठ्यावर राहिले, रमाबाई उंबरठ्यावरून परतल्या. दोघांचेंहि आयुष्य वायां गेलें असें इतिहास म्हणत नाहीं. जी संस्था नव्या माणसाचे जुने कपडे जपून ठेवते, तिच्या दाराशीं आपलें मूल गेलें तर फारसें भय नाहीं. कपडे जाळून टाकणाऱ्या दारापासून मात्र सावध असावें, मग तें दार कोणत्याहि धर्माचें असो.