फिरत्या पट्ट्याची बखर

इसवी सन १८१८ च्या सुमारास, इंग्लंडच्या पूर्व भागातील इप्सविच येथे रॅन्सम यांच्या लोखंडी अवजारांच्या कारखान्यात अभियंता म्हणून काम पाहणाऱ्या विल्यम क्यूबिट यांनी, तुरुंगात रिकामे बसून राहणाऱ्या कैद्यांना काही काम लावावे या हेतूने जे पाऊलचक्र योजिले, त्यापासून आज मुंबई-पुण्यातील कित्येक सदनिकांच्या गॅलरीत चादरीखाली झाकून ठेवलेल्या ट्रेडमिलपर्यंत एक सलग वंशावळ लावता येते. ही वंशावळ सांगण्याचा माझा हेतू केवळ जिज्ञासापूर्तीचा नाही. जुने यंत्र विकत घेऊन, किंवा घरचेच अडगळीतून बाहेर काढून, ते पुन्हा चालते करू पाहणाऱ्या माणसाला त्याचा एकेक भाग कोठून आला व का आला हे कळले, तर त्याचे दुखणे कोठे असेल हेही बहुधा कळते, असा माझा विश्वास आहे. आणि त्या दुखण्यांपैकी बहुसंख्यांचे मूळ घर्षणात सापडते.

पायांनी चाक फिरवून काम करून घेण्याची कल्पना क्यूबिट यांची नव्हे. रोमन लोक प्रचंड चक्राच्या पोटात माणसे चालवून बांधकामाचे दगड उचलीत, आणि मध्ययुगीन युरोपातील कॅथेड्रलांची शिखरेही अशाच चक्रांच्या साहाय्याने चढली. परंतु त्या चक्राला उचलण्यासाठी दगड तरी होता. क्यूबिट यांचे चक्र म्हणजे आडवा, लांबलचक, पोकळ दंडगोल. त्याच्या परिघावर बसविलेल्या पायऱ्यांवर कैदी एका ओळीत उभे राहात, वरचा कठडा हातांनी धरीत आणि पायाखालची पायरी खचली की पुढच्या पायरीवर पाऊल ठेवीत. चढणे अखंड चाले, वर मात्र कोणी जात नसे. १८२१ साली लंडनच्या ब्रिक्स्टन तुरुंगात ही चक्रे बसली व तेथे त्यांच्यावर धान्य दळले जाई. पण पुढे अनेक तुरुंगांत चक्राला जोडलेले काहीच नव्हते, केवळ वारा कापला जात होता, आणि ही निष्फळताच शिक्षेचे सार मानली गेली. १८६५ च्या तुरुंग कायद्याने सक्तमजुरीच्या व्याख्येत हे चक्र गोवले. १८९५ साली दोन वर्षांची सक्तमजुरी झालेल्या ऑस्कर वाइल्ड यांना पेंटनव्हिल येथे ते तुडवावे लागले. अखेर १८९८ च्या कायद्याने त्याचा अंमल संपुष्टात आणण्याची तजवीज केली आणि नव्या शतकाच्या आरंभी ते नामशेष झाले. मराठी वाचकाला या ठिकाणी अंदमानचा कोलू आठवल्यावाचून राहणार नाही. सेल्युलर जेलमध्ये १९११ पासून सावरकरांना ज्या कोलूला जुंपले गेले, त्यातून रोज तीस पौंड तेल काढून द्यावे लागे. म्हणजे तेथे श्रमाचे फळ सरकारजमा होत होते इतकेच, बाकी मनुष्यबळाला यंत्राचे इंधन लेखण्याची वृत्ती तीच होती.

मग या कुळातले यंत्र सुस्थित माणसाच्या घरात आले कसे? उत्तर असे की वाटेत ते प्रयोगशाळेत थांबले, आणि तेथे त्याचा व्यवहारच उलटा झाला: चक्र माणूस फिरवीत होता, पट्टा आता मोटार फिरवू लागली आणि माणसाला फक्त त्याच्या वेगाशी जुळवून घ्यावे लागले. बर्लिनमध्ये नाथान त्सुंट्स यांनी १८८९ च्या सुमारास घोड्याला फिरत्या पट्ट्यावर जागच्या जागी चालवून त्याचा श्वासोच्छ्वास मोजला. १९२७ साली स्थापन झालेल्या हार्वर्डच्या थकवा-संशोधन प्रयोगशाळेत माणसे अशाच पट्ट्यावर धावली. १९५२ मध्ये सिअ‍ॅटल येथील वॉशिंग्टन विद्यापीठात हृदयरोगतज्ज्ञ रॉबर्ट ब्रूस आणि उपकरणे घडविणारे वेन क्विंटन यांनी रुग्णांच्या तपासणीसाठी विजेवर चालणारा पट्टा सिद्ध केला, आणि १९६३ मध्ये ब्रूस यांनी तपासणीचा जो क्रम प्रसिद्ध केला तो आजही आपल्याकडच्या इस्पितळांत टीएमटीच्या नावाने रूढ आहे: दर तीन मिनिटांनी वेग व चढ दोन्ही वाढतात, आणि पहिली पायरी ताशी पावणेतीन किलोमीटरच्या आसपास, दहा टक्के चढाची असते. आपल्या वडीलधाऱ्यांपैकी कित्येकांची या यंत्राशी पहिली भेट छातीवर तारा चिकटवलेल्या अवस्थेत झाली आहे.

घरगुती यंत्राचा जनक म्हणून ज्यांचे नाव घ्यावे ते विल्यम स्टॉब न्यू जर्सीचे यंत्र-अभियंते. केनेथ कूपर यांचे ‘एरोबिक्स’ हे पुस्तक १९६८ मध्ये प्रसिद्ध झाले. ते वाचून, आठवड्यातून चार-पाच वेळा आठ मिनिटांत एक मैल धावू शकणाऱ्या माणसाला ऊन-पावसाची सबब उरू नये असे स्टॉब यांच्या मनाने घेतले, आणि त्यांनी पेसमास्टर ६०० हे यंत्र बनविले. त्यात पट्ट्याखाली पोलादाचे चाळीस रूळ होते. ते रूळच पाऊल झेलीत, त्यामुळे पट्टा कशावर घासला जात नसे. स्टॉब २०१२ मध्ये शहाण्णव वर्षांचे होऊन वारले.

या चाळीस रुळांपाशी थोडे थांबले पाहिजे, कारण आजच्या घरगुती यंत्राची सारी निगा त्या रुळांच्या अभावातून उद्भवली आहे. प्रत्येक रुळाला दोन धारवे, म्हणजे ऐंशी बेअरिंगे. खर्च मोठा, वजन मोठे, आवाजही मोठा. पुढे कारखानदारांनी रूळ काढून टाकले, पुढचा व मागचा असे दोनच ठेवले, आणि मध्ये एक गुळगुळीत फळी बसविली. पट्टा आता त्या फळीवरून सरपटू लागला. यंत्र स्वस्त झाले, हलके झाले आणि मध्यमवर्गाच्या आवाक्यात आले. परंतु जे काम ऐंशी बेअरिंगे मुकाट्याने करीत होती ते एका वंगणाच्या पातळ थरावर आले, आणि तो थर राखण्याची जबाबदारी कारखान्याकडून घरधन्याकडे सरकली. बहुतेक घरधन्यांना ती कोणी सांगितलीच नाही, असे मी खेदाने म्हणतो.

ही फळी साधारणतः एमडीएफची, म्हणजे लाकडाचे तंतू राळेत दाबून केलेली असते आणि तिच्या पृष्ठावर बेकलाइटच्या कुळातल्या राळेचा कठीण, चकचकीत थर असतो. पट्टा वरून पीव्हीसीचा, आतून विणलेल्या कापडाचा. वंगण आटले की कापड फळीला धरू लागते. पाऊल पडताच पट्टा क्षणभर अडखळतो. मोटार वेग राखण्यासाठी अधिक वीज ओढते. ती वीज पुरविणारे नियंत्रक मंडळ तापते. आणि एके दिवशी जळका वास येऊन सारे थांबते. घरधनी म्हणतो मोटार गेली, मेकॅनिक म्हणतो बोर्ड गेला. दोघांचेही म्हणणे खरे असते, पण मूळ अपराध फळीचा असतो, आणि फळीकडे न पाहता नवा बोर्ड बसविणाराला तोच खर्च पुन्हा करावा लागतो. म्हणून जुने यंत्र हाती येताच प्लग काढून पहिला हात पट्ट्याखाली घालावा. बोटांना किंचित तेलकटपणा लागला तर ठीक. कोरडी काळपट भुकटी लागली तर रोगनिदान तेथेच झाले. मागील दोन्ही बोल्ट ॲलन चावीने, किती फेरे दिले ते लिहून ठेवून, सैल करावे. पट्टा उचलून फळी कोरड्या फडक्याने पुसावी आणि नखाने चाचपावी. जेथे उजवे-डावे पाऊल पडते त्या दोन पट्ट्यांत चकाकी उडून भुरे लाकूड दिसत असेल तर वंगणाने भागणार नाही. मात्र कित्येक फळ्या दोन्ही अंगांनी सारख्याच घोटलेल्या असतात, त्या उलटून बसविल्या की यंत्राला दुसरे आयुष्य मिळते.

वंगण कोणते, या प्रश्नावर आपल्याकडे फार यंत्रे बळी गेली आहेत. शिवणयंत्राचे तेल, गाडीचे ग्रीस, खोबरेल, जे हाताशी असेल ते ओतले जाते. खनिज तेलाने पट्ट्याचे थर फुगतात व सुटतात, आणि खोबरेल तर चिकट होऊन धूळ धरते. येथे शुद्ध सिलिकॉन तेलच हवे. नॉटिंगहॅम येथे फ्रेडरिक किपिंग यांनी कित्येक दशके सिलिकॉन संयुगांचा अभ्यास केला, तरी त्यांचा व्यवहारात काही उपयोग होईल असे त्यांना स्वतःला वाटत नव्हते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत त्यांचे औद्योगिक उत्पादन सुरू झाले, आणि उष्णतेने न आटणारे व रबर-प्लास्टिकला सहसा न बाधणारे हे तेल आज लहानशा बाटलीतून आपल्या घरी येते. ते पट्टा उचलून फळीच्या मधल्या भागावर नागमोडी रेघेने सोडावे, मग काही मिनिटे मंद गतीने यंत्र रिकामे चालवून त्यावरून चालत जावे. काही फळ्या कारखान्यातच मेण भरून येतात. त्यांच्यावर तेल घालू नये असे पुस्तिकेत लिहिलेले असेल तर तो शब्द प्रमाण मानावा.

पट्ट्याचा ताण ही हाताच्या सवयीची बाब आहे. मध्यभागी काठ धरून उचलला असता तो दोन-तीन इंच वर यावा. त्याहून घट्ट केला तर रुळांच्या बेअरिंगांवर व मोटारीवर फुकटचा भार पडतो, सैल राहिला तर पाऊल टेकताच घसरतो. पट्टा डावीकडे सरकत असेल तर डावा बोल्ट पाव फेरा आवळावा, उजवीकडे सरकत असेल तर उजवा. आणि दर पाव फेऱ्यानंतर ताशी चार-पाच किलोमीटरच्या गतीने यंत्र मिनिटभर फिरू देऊन मगच पुढचा विचार करावा.

पुढचे झाकण काढले की मोटार दिसते. बहुतेक घरगुती यंत्रांत ती स्थिर चुंबकाची डीसी मोटार असते, आणि तिच्या दोन्ही बाजूंना स्क्रूच्या टोपणाखाली कार्बनचे ब्रश बसविलेले असतात. फिरत्या कम्युटेटरला वीज पोहोचविण्यासाठी तांब्याच्या तारांऐवजी कार्बन वापरण्याचे पेटंट जॉर्ज फोर्ब्स यांनी १८८५ मध्ये घेतले होते. तेव्हापासून या तुकड्याचे मूळ रूप फारसे पालटलेले नाही. टोपण काढताच स्प्रिंगसह ब्रश बाहेर येतो. त्याचे टोक कम्युटेटरच्या गोलाईप्रमाणे किंचित खोलगट, काचेसारखे तुळतुळीत असले तर तो निरोगी. टोक चरे पडून खडबडीत झाले असेल, किंवा पाटीवरच्या पेन्सिलीप्रमाणे झिजून बोटभरही उरला नसेल, तर जोडीने बदलावा. तोच ब्रश परत बसवायचा झाल्यास ज्या बाजूने निघाला त्याच बाजूने बसवावा, अन्यथा ठिणग्या उडतात. आत साचलेली काळी भुकटी मऊ ब्रशाने आणि व्हॅक्यूमने काढावी.

नियंत्रक मंडळाबाबत मात्र मी घरच्या कारागिराला आवरते घेण्यास सांगेन. १९५७ मध्ये जनरल इलेक्ट्रिकच्या अभियंत्यांनी थायरिस्टर सिद्ध केला, त्यानंतर घरातल्या विजेवर मोठ्या मोटारीचा वेग सहज कमी-जास्त करणे साध्य झाले, आणि ट्रेडमिल घरात शिरली ती बव्हंशी या शोधाच्या पाठीवर. पण त्या मंडळातील कपॅसिटर प्लग काढल्यावरही काही काळ वीज धरून ठेवतात. तेथली धूळ, मुंग्या, क्वचित मेलेली पाल काढणे, जोडण्या घट्ट आहेत हे पाहणे आणि अर्थिंग तपासून घेणे इतके घरी करावे. डागकाम जाणत्यावर सोपवावे.

२०२० साली व्यायामशाळा बंद पडल्या तेव्हा हौसेने वा निरुपायाने घेतलेली यंत्रे आता मोठ्या संख्येने विक्रीस निघतात, आणि पुष्कळदा ती भंगारवाल्याच्या काट्यावर जातात, हे मला अन्यायाचे वाटते. घेताना सांगाड्याचे जोड तडकलेले नाहीत, रूळ हाताने फिरवता खरखरत नाहीत, आणि फळी कडेने फुगलेली नाही एवढे नीट पाहावे. कोकणात व मुंबईत गॅलरीत एक पावसाळा काढलेली एमडीएफची फळी पाणी पिऊन पोळीसारखी फुगते आणि ती पूर्ववत होत नाही. त्या यंत्राची नवी फळी किंवा नियंत्रक मंडळ मिळतच नसेल तर मोह टाळावा.

दुरुस्ती आटोपली की शेवटचे काम सुरक्षा-किल्लीचे. तिची दोरी कपड्याला अडकवून किल्ली ओढून पाहावी, पट्टा तत्काळ थांबला पाहिजे; न थांबल्यास यंत्र वापरात आणू नये. चालणे संपताच ती किल्ली काढून मुलांच्या हाती लागणार नाही अशा उंचीवर ठेवावी, कारण पट्टा आणि मागचा रूळ यांच्यामधील फटीत लहान बोटे ओढली जातात, आणि फिरत्या पट्ट्याने होणारी जखम भाजल्याइतकी खोल असते.